बांबू मुरवायचा कसा

कोकणात पडवीचे वासे, मांगराचे छप्पर, गोठ्यावरचा माळा यांसाठी बांबू परड्यातच मिळतो आणि म्हणूनच त्याची कोणाला किंमत नसते. आज तोडला, उद्या बांधला. तिसऱ्या वर्षी खाली पिवळट पीठ पडू लागले की ‘बांबू शेवटी बांबूच’ म्हणायचे आणि तालुक्याच्या गावातून लोखंडी पाइप आणायचे. एवढ्या घाईत त्या काठीवर काय अन्याय होतो ते आकड्यांत पाहावे. काहीही प्रक्रिया न केलेली काठी जमिनीत रोवली तर १ ते ३ वर्षे टिकते. छपराखाली कोरडी राहिली तर ४ ते ७ वर्षे. तीच काठी योग्य हंगामात तोडली, बोरॉनच्या क्षारात मुरवली आणि छपराखाली वापरली, तर १५ वर्षे आरामात जातात. एका पडवीसाठी बेटावर तीन-चारदा कोयता चालवायचा की एकदाच, एवढाच हा हिशेब आहे. बांबू हवेतला कार्बन धरून ठेवतो म्हणून त्याचे हल्ली फार कौतुक होते. पण तो कार्बन काठी शाबूत असेपर्यंतच तिच्यात राहतो. भुंगेऱ्याने पीठ केले की पुन्हा हवेत. त्यामुळे बांबू लावण्याच्या मोहिमांइतकेच महत्त्व मला बांबू टिकवण्याला द्यावेसे वाटते.

खाली दिलेली कृती २० फुटांच्या पंचवीस-तीस काठ्यांसाठी आहे. दोन माणसे पुरतात. मार्गशीर्षात तोड सुरू केली तर फाल्गुनाच्या सुमारास काठ्या बांधायला तयार होतात आणि मृगाच्या आधी छप्पर चढते.

किड्याला हवे असते ते

बांबूला तीन शत्रू: भुंगेरा, वाळवी आणि बुरशी. त्यांतला पहिला सर्वांत आधी येतो. जेमतेम ३ मिलिमीटरचा, काळपट तपकिरी रंगाचा हा कीटक ताज्या तोडीच्या वासावर येऊन कापलेल्या टोकातून आत शिरतो. त्याला बांबूच्या धाग्यांत रस नसतो. त्याला हवा असतो काठीत साठवलेला स्टार्च, म्हणजे पिष्ट. अंडी आत घातली जातात, अळ्या पिष्टाच्या मागे बोगदे काढत जातात आणि बाहेर टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसेपर्यंत आतला अर्धा माल भुसा झालेला असतो. वाळवीला मात्र धागाच हवा असतो, आणि बुरशीला ओल. काठीतले पाणी २० टक्क्यांच्या खाली गेले की बुरशीचा प्रश्न बहुतेक मिटतो.

जुन्या लोकांनी यावर काढलेले उपाय बरोबर दिशेचे होते. वाहत्या ओढ्यात किंवा खाडीच्या पाण्यात काठ्या दीड-दोन महिने बुडवून ठेवल्या की विरघळणारी साखर आणि थोडे पिष्ट धुऊन जाते. भुंगेऱ्याचा त्रास कमी होतो. चुलीवरच्या माळ्याचे वासे धुराने काळे पडून वर्षानुवर्षे टिकत. पण पाण्यात ठेवलेली काठी वाळवीपासून वाचत नाही आणि चुलीही आता धूर करत नाहीत. शिवाय साचलेल्या पाण्यात ठेवलेल्या काठीला जो वास मारतो तो पडवीत बसू देत नाही.

बोरॉनचे क्षार तिन्ही शत्रूंवर चालतात. घरोघरी बुजुर्गांना ठाऊक असलेला टाकणखार हा त्यांतला एक आणि कॅरमवर टाकायची पावडर ज्याची असते ते बोरिक ॲसिड दुसरा. काठीला जळके ऑइल फासणे, डिझेलमध्ये बुडवणे किंवा शेतीतले कीटकनाशक फवारणे हे प्रकार अजून सर्रास चालतात. ते करू नका. बांबूच्या बाहेरच्या सालीवर सिलिका आणि मेणाचा थर असतो; तिच्यावर फासलेले काहीही आत जात नाही, फक्त हाताला, कपड्यांना आणि पावसाच्या पाण्याबरोबर मातीला लागते.

कोणती काठी, कधी

बांबू हे गवत आहे. कोंब जमिनीतून येतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते. दोन-चार महिन्यांत तो पूर्ण उंचीला जातो आणि त्यानंतर एक सूतही जाड होत नाही. पुढची तीन वर्षे तो फक्त पिकतो. म्हणून उंच आणि जाड दिसते ती काठी तयार झाली, हा समज सोडून द्यावा.

पहिल्या वर्षाची काठी गडद हिरवी, गाठींखाली पांढरी पूड असलेली आणि बऱ्याचदा बुंध्याशी तपकिरी सालपटे चिकटलेली असते. दुसऱ्या वर्षी सालपटे गळतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हिरवा रंग मळकट होतो, सालीवर दगडफुलासारखे पांढुरके डाग येतात आणि कोयत्याच्या पाठीने वाजवली तर खणखणीत आवाज येतो. हीच घ्यायची. सहा-सात वर्षांची पिवळी पडत चाललेली काठी बांधकामाला ठिसूळ. ती कुंपणाला जाऊ द्या. रंगावर विश्वास बसत नसेल तर दर दिवाळीत त्या वर्षाच्या नव्या कोंबांवर ऑइलपेंटने साल लिहून ठेवावे. दोन मिनिटांचे काम आहे, आणि पुढे तोडायला दुसऱ्या कोणाला पाठवले तरी चूक होत नाही.

बेटाची अडचण अशी की पिकलेल्या काठ्या मध्यभागी असतात आणि कोवळ्या कडेला. आळशी तोड कडेची होते आणि बेट मधून कुजते. एका बाजूने आत शिरायला वाट पाडा, म्हणजे वरून पाहिले तर बेट घोड्याच्या नालेसारखे दिसेल, आणि त्या वाटेने मधल्या काठ्या काढा. जमिनीपासून वीतभर उंचीवर, पहिल्या किंवा दुसऱ्या गाठीच्या अगदी वर, एका घावात स्वच्छ कापा. गाठीच्या वर पेला शिल्लक राहिला तर त्यात पावसाचे पाणी साचते, डास होतात आणि खालचा कंद सडतो. नव्या कोंबांइतक्या तरी जुन्या काठ्या बेटात उभ्या राहिल्या पाहिजेत. पुढच्या पावसाळ्यातल्या कोंबांना अन्न आणि आधार त्यांचाच असतो.

आता हंगाम. पावसाळ्यात कोंब वाढवताना बेट आपले पिष्ट खर्च करते, त्यामुळे पाऊस संपल्यावर ते कमी असते आणि उन्हाळ्याकडे जाताना पुन्हा साठू लागते. कार्तिक ते माघ ही तोडीची वेळ. काळ्या पंधरवड्यात, अवसेच्या आसपास तोडलेला बांबू किडत नाही असे कोकणात आणि घाटावरही मानतात. चंद्राच्या परिणामाचे पुरावे उलटसुलट आहेत, त्यामुळे मी त्यावर भांडत नाही. अवसेला तोडा किंवा पुनवेला, पण वैशाखात तोडू नका.

काठीत पिष्ट किती आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असेल तर ताज्या कापावर टिंचर आयोडीनचे दोन थेंब टाका. काप निळा-काळा झाला तर पिष्ट भरपूर आहे. नुसता तपकिरी राहिला तर बांबू चांगल्या वेळी तोडला. एकाच बेटातली मार्गशीर्षातली आणि वैशाखातली काठी अशी शेजारी ठेवून पाहिली की पुढे सांगायला काही उरत नाही.

परवानगीबद्दल थोडे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येत बसवलेला होता, त्यामुळे स्वतःच्या परड्यातला बांबू तोडायलाही लोक घाबरत. २०१७ मध्ये ही व्याख्या बदलली आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्यातून वगळला गेला. वनजमिनीवरच्या बांबूचे नियम वेगळे. तिथे सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभाही बांबू काढतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला वाहतुकीचे पास स्वतः देण्याचा अधिकार २०११ मध्ये मिळाला, आणि त्यासाठी गावाला बराच झगडा करावा लागला होता.

साहित्य

बोरिक ॲसिड २० किलो, टाकणखार ३० किलो, दोन्ही रसायनांच्या घाऊक दुकानातून, तांत्रिक दर्जाचे. औषधाच्या दुकानातले छोटे डबे महाग पडतात. १००० लिटर स्वच्छ पाणी. जाड प्लॅस्टिकचा ताडपत्रीसारखा अखंड कागद, शेततळ्याला वापरतात तसा. चार सुती लोखंडी सळई, ११ फूट लांब, एका टोकाला घासून टोकदार केलेली. पाणी तापवायला पातेले किंवा हंडा, ढवळायला लाकडी दांडा, वजनकाटा, रबरी हातमोजे, चष्मा. चर झाकायला आणखी एक ताडपत्री.

क्षाराचे प्रमाण बदलू नका. एक भाग बोरिक ॲसिडला दीड भाग टाकणखार, यामागे कारण आहे. थंड पाण्यात दोन्ही वेगवेगळे फारसे विरघळत नाहीत, लिटरमागे जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास. एकत्र आले की त्यांचे जे मिश्रण बनते ते पाण्यात बरेच जास्त विरघळते, आणि जास्त विरघळते म्हणून काठीत जास्त शिरते. टाकणखार स्वस्त मिळाला म्हणून तोच वाढवला तर तळाशी खडे बसतील.

काठी उघडणे

तोडल्यापासून मुरायला घालेपर्यंत चार-पाच दिवसांपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशीच घातली तर उत्तम. क्षार काठीत शिरतो तो आतल्या ओलीतून, जिथे दाट आहे तिथून विरळ आहे तिकडे सरकत. कैरीच्या फोडीत मीठ मुरते तसेच हे. सुकलेल्या आंबोशीत ते तसे मुरत नाही. शिवाय तुटलेला बांबू आपल्या नळ्या डिंकासारख्या पदार्थाने बंद करायला लागतो. (क्षार वापरायचाच नसेल तर उलट करा: काठी तोडून पाल्यासकट बेटालाच टेकवून दोन-तीन आठवडे उभी ठेवा. पाला जिवंत असेपर्यंत ती आपले पिष्ट थोडे वापरून टाकते.)

लाकडात बाहेरून आत जाणाऱ्या आडव्या पेशी असतात, बांबूत त्या नाहीत. वाटा सगळ्या उभ्या आहेत, आणि बाहेरून साल बंद. म्हणून पाण्याला आत घ्यायचे तर पोकळीतून घ्यावे लागते, आणि पोकळी दर गाठीला पडद्याने अडवलेली असते.

काठी २० फुटांवर कापा, दोन्ही टोकांशी गाठ राहील अशी. फांद्या खुडताना सालीला घाव घालू नका. मग काठी आडवी ठेवून एका टोकातून सळई आत घाला आणि एकेक पडदा फोडत मध्यापर्यंत जा. दुसरा अर्धा दुसऱ्या टोकातून. सळई सरळ रेषेत आपटायची. तिरकी गेली तर पेराला चीर जाते आणि ती काठी वाया. प्रत्येक पडदा फुटताना आवाज बदलतो. गाठी बाहेरून मोजून ठेवल्या असतील तर एखादा राहिला का ते कळते. एक पडदा राहिला तर त्याच्या पलीकडचे हवा कोंडलेले पेर कोरडेच राहते आणि भुंगेरा नेमका तिथे घर करतो.

सळई नसेल तर प्रत्येक पेराला ड्रिलने ३ मिलिमीटरची दोन भोके पाडावीत, एक वरच्या गाठीजवळ, दुसरे खालच्या गाठीजवळ, म्हणजे एकातून पाणी शिरेल आणि दुसऱ्यातून हवा निघेल. भोके एका ओळीत नकोत. ओळीत पडली की काठी तिथूनच उकलते. मला सळईची पद्धत पसंत, कारण बाहेरची साल अखंड राहते.

क्षाराचे पाणी

सावलीत, विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, चर खणा: लांबी २१ फूट, रुंदी २ फूट, खोली दीड फूट. कातळावर खणता येत नसेल तर चिऱ्यांचे दोन थर रचून हौद करा. तळाशी बारीक माती पसरून त्यावर प्लॅस्टिक अंथरा आणि कडा बाहेर काढून दगडांनी दाबा. एवढ्या चरात १००० लिटर पाणी आणि पंचवीस-तीस मध्यम काठ्या बुडून वर काही बोटे मोकळी राहतात.

५० लिटर पाणी हाताला चटका बसेल इतके तापवा. त्यात ४ किलो बोरिक ॲसिड आणि ६ किलो टाकणखार टाकून पाणी नितळ होईपर्यंत ढवळा, चरात ओता आणि वर १५० लिटर साधे पाणी घाला. असे पाच वेळा. झाले ५ टक्क्यांचे पाणी. हे क्षार माणसाला त्या मानाने सौम्य आहेत, पण निरुपद्रवी नाहीत. पोटात सतत गेले तर प्रजननावर परिणाम करणारे म्हणून युरोपात त्यांची नोंद आहे. पूड हवेत उडवू नका, हातमोजे घाला, गर्भवती बाईला या कामाला लावू नका. आणि चराभोवती कुंपण घालाच, कारण गुरांना खारट पाण्याची ओढ असते.

मुरण

काठ्या एकेक करून तिरक्या आत घाला, म्हणजे एका टोकातून पाणी शिरताना दुसऱ्यातून हवा निघते. बुडबुडे थांबेपर्यंत धरून ठेवा, मग आडवी सोडा. तरीही काही तरंगतील. वर फळ्या ठेवून त्यांवर दगड ठेवा. दगड थेट काठीवर किंवा प्लॅस्टिकवर नको. काठीचा कोणताही भाग पाण्याबाहेर राहता कामा नये. वरून ताडपत्री झाका, पाचोळा आणि अवकाळी पाऊस दोन्हींपासून.

७ ते १० दिवस. कळकासारख्या जाड भिंतीच्या काठ्यांना १० दिवस पूर्ण द्या. दोन दिवसांआड काठ्या थोड्या हलवा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पाणी तपकिरी होते, फेस येतो, आंबूस वास सुटतो; काठीतली साखर बाहेर येते आहे. फेस काढून टाका, पाणी टाकू नका.

दुसरा घाणा घालायचा असेल तर पातळी जेवढी खाली गेली असेल तेवढे नवे पाणी घाला, पण ते दुप्पट तीव्र करून, लिटरला ४० ग्रॅम बोरिक आणि ६० ग्रॅम टाकणखार. कारण काठ्यांनी नुसते पाणी घेतलेले नसते. क्षार घेऊन त्यांनी आपला रस बदल्यात दिलेला असतो, त्यामुळे उरलेले पाणी दिसते त्यापेक्षा विरळ असते.

माणग्यासाठी उभी पद्धत

सिंधुदुर्ग आणि गोव्याकडच्या माणग्याला वरची कृती जशीच्या तशी लागू होत नाही. माणगा सरळ, बिनकाट्यांचा आणि बुंध्याकडे जवळजवळ भरीव. त्यात सळई घालणार कुठे? अशा भरीव, आखूड काठ्यांसाठी झाडाचीच ताकद वापरता येते. काठी पहाटे तोडा, शेंड्याकडचा पाला तसाच ठेवा आणि तासाभरात बुंधा क्षाराच्या पाण्याने भरलेल्या पिंपात उभा करा. पिंपात दोन फूट पाणी, १० टक्क्यांचे. काठ्या एखाद्या झाडाला टेकवून बांधा. पाला पाणी हवेत सोडत राहतो आणि खालून क्षाराचे पाणी ओढून घेतो. एक ते दोन आठवड्यांत पाला सुकतो, ओढ थांबते. रोज सकाळी पिंपातली पातळी पाहा. पहिले तीन दिवस ती झपाट्याने उतरते. पिंपात घालण्याआधी बुंध्याचा ताजा काप पुन्हा एकदा घ्या, नाहीतर नळ्या आधीच बंद झालेल्या असतात.

पंपाच्या दाबाने रस बाहेर ढकलून क्षार आत घालण्याची रीतही आहे. ऑग्यूस्त बूशरी नावाच्या फ्रेंच माणसाने ती १९ व्या शतकात लाकडासाठी काढली, आता बांबूला वापरतात. काम काही तासांत होते. पण त्याला यंत्र, रबरी टोप्या आणि रोजची तोड लागते. गावाने किंवा बचत गटाने मिळून घेतले तर परवडते, एका पडवीसाठी नाही.

हळदीची परीक्षा

क्षार आत गेला की नाही हे काठीकडे पाहून कळत नाही, आणि विकत घेतलेल्या ‘ट्रीटेड’ बांबूबद्दल तर विक्रेत्याच्या शब्दावरच राहावे लागते. म्हणून ही परीक्षा शिकून घ्यावी. चरातल्या एका काठीच्या मधोमध, टोकापासून लांब, बोटभर जाडीची चकती कापा आणि सुकवा. स्पिरिटमध्ये भिजवून गाळलेले हळदीचे पाणी तिच्या कापावर लावा, सुकू द्या. त्यावर स्पिरिटमधले हायड्रोक्लोरिक आणि सॅलिसिलिक आम्लाचे मिश्रण लावायचे असते; ते हायस्कूलच्या विज्ञानाच्या शिक्षकांकडून करून घ्या, घरी करू नका. काही मिनिटांत जिथे बोरॉन आहे तिथे पिवळ्याचा लाल होतो, नाही तिथे पिवळाच राहतो. हळद, टाकणखार आणि लिंबाचा रस यांपासून कुंकू करतात त्यात हेच घडते. आम्ल वगळू नका, कारण टाकणखार थोडा क्षारधर्मी आहे आणि कोणत्याही क्षारधर्मी वस्तूने हळद तांबूस होतेच. लाल रंग आतून सालीपर्यंत पोहोचलेला हवा. सालीकडे पिवळी कडा उरली असेल तर आणखी तीन दिवस.

वाळवण

बाहेर काढलेली काठी लगेच वाळत घालू नका. आतल्या भिंतीशी क्षार दाट असतो, सालीकडे विरळ. तो सारखा व्हायला ओल लागते. चराच्या वर उभ्या धरून पाणी निथळू द्या, पाण्याने बाहेरून पुसून घ्या, मग सगळ्या काठ्या एकावर एक रचून ताडपत्रीत आठवडाभर गुंडाळून ठेवा.

त्यानंतर सावलीत, वारा खेळेल अशा जागी उभ्या करा, बुंध्याखाली चिरा किंवा फळी देऊन. पंधरा दिवसांनी वरचे टोक खाली करा. सहा ते आठ आठवडे. उन्हात ठेवल्या तर वरून पटकन सुकून उभ्या चिरा पडतात, आणि चीर पडली की क्षारानेही काही होत नाही. या टप्प्याला लोक सर्वांत जास्त कंटाळतात. ओल्याच बांधलेल्या काठ्या छपरावर सुकतात, आकसतात, बांधणी सैल होते आणि मग बदनामी पुन्हा बांबूची.

उरलेले पाणी

चरातले पाणी शेतात सोडायचे नाही. बोरॉन पिकाला रतीभर लागतो आणि त्याहून थोडा जास्त झाला की विष होतो. लिंबूवर्गीय झाडे आणि वाल-चवळीसारख्या शेंगा त्याला लवकर बळी पडतात. शक्य तेवढे घाणे याच पाण्यात काढा. शेवटच्या घाण्यानंतर उरते ते जुन्या, कोरड्या लाकडी वाशांना आणि चौकटींना दोन-तीन हात मारून संपवा. त्यातूनही राहिले तर उथळ प्लॅस्टिकमध्ये उन्हात आटू द्या. तळाशी जमलेले क्षार पोत्यात भरून पुढच्या मार्गशीर्षासाठी ठेवा.

मुरवलेल्या काठीचे तुकडे चुलीत घालू नका. बोरॉन जळून जात नाही, राखेत राहतो, आणि राख सवयीने लिंबाच्या आळ्यात जाते. या तुकड्यांचे पेले, चमचे, ताटल्याही करू नयेत. मुरवण्याआधी निघालेले शेंडे आणि फांद्या मात्र वेलांच्या आधाराला, वईला किंवा जाळायला खुशाल वापरा. म्हणूनच काठी आधी हव्या त्या लांबीला कापून मग मुरवावी. उलट केले तर क्षारही वाया आणि तुकड्यांची डोकेदुखी.

बांधताना

बोरॉन पाण्यातून शिरतो आणि पाण्यातूनच निघून जातो. धो धो पावसात उघडी राहिलेली काठी दोन-तीन पावसाळ्यांत क्षार गमावून बसते. मांडव, कुंपण, मिरवेलीचा आधार यांसाठी ही मेहनत करू नका. तिथे साधी काठी लावावी आणि गेली की बदलावी. छपराखाली मात्र पत्रा किंवा कौल टोकांच्या पुढे किमान दोन फूट आले पाहिजे, कारण कोकणातला पाऊस आडवा येतो. खांब चिऱ्याच्या जोत्यावर, जमिनीपासून फूटभर वर बसवा. काठी काँक्रीटमध्ये गाडली की काँक्रीट ओल धरून ठेवते आणि काठी तिथेच कुजते. मजबूत वाटणारी ही रीत सर्वांत वाईट. गोठ्यात मुरवलेला बांबू वरच्या वाशांना लावा, गुरे चाटतील किंवा चावतील अशा खांबांना नाही.

खिळा ठोकू नका, काठी उकलते. सांधा गाठीच्या जवळ घ्या, ड्रिलने भोक पाडून बोल्ट घाला किंवा काथ्याने आवळा. काथ्या आधी भिजवून बांधला की सुकताना घट्ट बसतो. बांधून झाल्यावर नव्याने कापलेले प्रत्येक टोक आणि प्रत्येक भोक ब्रशने क्षाराच्या दाट पाण्याने दोनदा भिजवा; मग टोके लाकडी गुडदीने किंवा मातीने बंद करा, नाहीतर गांधीलमाश्या आणि उंदीर राहायला येतात.

पहिल्या वर्षी दर महिन्याला खाली वाकून जमीन पाहा, छप्पर नाही. पिवळे पीठ पडलेले दिसले तर त्याच्या बरोबर वरचे पेर शोधा, त्यात ड्रिलने बारीक भोक पाडा आणि इंजेक्शनच्या सिरिंजने १० टक्क्यांचे पाणी पोकळीत भरा. पीठ झाडून टाका, म्हणजे नवे पडले तर कळेल. पंधरा दिवसांनी पुन्हा पडलेच तर ती काठी उतरवून बदला. मुरवताना दोन-चार काठ्या जास्तीच्या घालायच्या त्या यासाठी.